फोन चार्जिंगला असताना आणि बंद असताना आत काय चालतं? सोलापूरच्या काउंटरवरचे नेहमीचे प्रश्न

नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर रोज जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. बहुतेकांच्या मनात एकच शंका असते: आपलं लक्ष नसताना हा फोन करतो तरी काय? मला मनापासून वाटतं की भ्यायची गोष्ट वेगळीच आहे. फोन रात्री जे करतो ते बहुतांशी तुमच्याच सोयीचं असतं. फोनचं आणि माणसाचं खरं नुकसान करतात ते आपल्याकडचा उन्हाळा आणि हलका चार्जर. त्यामुळे खाली या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

रात्री फोन चार्जिंगला लावून झोपतो. स्क्रीन बंद असते, तरी सकाळी डेटा उडालेला असतो. कोण वापरतं?

फोनच वापरतो. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोनात ‘डोझ’ नावाची व्यवस्था आहे. फोन चार्जरला नसेल, एका जागी पडून असेल आणि स्क्रीन बंद असेल, तर फोन अ‍ॅपना झोपवतो आणि अधूनमधून थोडा वेळच जागं होऊ देतो. चार्जर लावला की हे बंधन उठतं. शिवाय अ‍ॅप बनवणाऱ्यांना अशी सोयच दिलेली असते की ‘हे जड काम फोन चार्जिंगला असताना, कोणी हात लावत नसताना कर’. म्हणून दिवसभर साठलेली कामं रात्री निघतात.

त्यात काय काय येतं? गुगल फोटोज दिवसभरातले फोटो-व्हिडिओ वर चढवतं. प्ले स्टोअर अ‍ॅप अपडेट करतं. व्हॉट्सअ‍ॅप पहाटे दोनच्या सुमारास चॅटची प्रत फोनमध्येच काढून ठेवतं आणि गुगल खात्यावरचा बॅकअप चालू असेल तर तिकडेही पाठवतं. आयफोनमध्ये आयक्लाउड बॅकअपला सहसा तीन गोष्टी लागतात: चार्जर, लॉक केलेली स्क्रीन आणि वायफाय.

काही कामांना इंटरनेट लागतच नाही. अँड्रॉइड ७ पासून तुम्ही कोणतं अ‍ॅप कसं वापरता हे पाहून फोन त्या अ‍ॅपचा नेहमी लागणारा भाग आधीच तयार करून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पटकन उघडतं. हे कामही चार्जिंगवर, निवांत वेळी होतं. आयफोन फोटोंमधले चेहरे ओळखून एकत्र लावतो, तेही अशाच वेळी.

आपल्याकडे बऱ्याच घरांत वायफाय नाही, सगळा कारभार रोजच्या दीड-दोन जीबीवर चालतो. तेव्हा तीन ठिकाणी एकदा बघून घ्या. गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये मोबाईल डेटा बंद करा. प्ले स्टोअरमध्ये अपडेट ‘फक्त वायफायवर’ ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्येही मोबाईल डेटाची परवानगी काढा. सकाळचा डेटा वाचेल. फक्त एक करा, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी वायफायवर बसून बॅकअप पुरा होऊ द्या. बोर्ड गेलेला फोन घेऊन माणसं येतात, आत लग्नाचे, बाळाच्या बारशाचे फोटो असतात आणि बॅकअप कुठेच नसतो. तेव्हा काही करता येत नाही आणि फार वाईट वाटतं.

चार्जिंगला लावला की फोन गरम होतो. बिघडलाय का?

कोमट होणं ठीक आहे. बॅटरीत करंट जातो तेव्हा तिच्या आतल्या रोधामुळे उष्णता निघतेच, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून फास्ट चार्जिंगला फोन जास्त तापतो. त्यात वर सांगितलेली कामं चालू असली तर प्रोसेसरची उष्णताही मिसळते. नवा फोन घेतल्यावर किंवा मोठं अपडेट झाल्यावर पहिले एक-दोन दिवस फोन जास्त गरम राहतो, कारण फोटो, अ‍ॅप, फाइली अशा सगळ्यांची मांडणी नव्याने चाललेली असते.

हाताला चटका बसत असेल, एकाच जागी तापत असेल किंवा चार्जिंग पिनपाशी जळका वास येत असेल, तर लगेच काढा आणि दाखवायला आणा. पिनमध्ये कचरा किंवा ओल अडकली की तिथेच उष्णता साठते.

८० टक्क्यांपर्यंत भरभर जातो, मग रेंगाळतो. चार्जर खराब आहे का?

नाही, लिथियम-आयन बॅटरी भरायची रीतच तशी आहे. आधी ठराविक करंट दिला जातो. बॅटरीचा दाब तिच्या मर्यादेला, म्हणजे साधारण ४.२ ते ४.४५ व्होल्टला पोचला की तो दाब तिथेच धरून करंट कमी कमी करत नेतात. घागर भरत आली की आपण नळ बारीक करतो, तसंच. शेवटचे वीस टक्के घाईने भरले तर बॅटरीच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसू शकतो, आणि तो धोकादायक असतो.

रात्रभर चार्जिंगला ठेवला तर ओव्हरचार्ज होतो का?

चांगल्या फोनात होत नाही. १०० टक्के झाले की आतली चार्जिंग आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप, करंट थांबवते आणि फोन चार्जरच्या विजेवर चालतो. बॅटरी थोडी उतरली की पुन्हा थोडी भरते. फुटण्याची भीती नको.

पण पूर्ण भरलेली बॅटरी तासन्‌तास तशीच, आणि तीही गरम खोलीत ठेवली, तर ती लवकर म्हातारी होते. यावर कंपन्यांनी तोड काढली आहे. आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून फोन तुमची सवय शिकतो, ८० टक्क्यांवर थांबतो आणि तुम्ही उठायच्या आधी उरलेलं भरतो. पिक्सेलमध्ये ‘अडॅप्टिव्ह चार्जिंग’ आहे, सॅमसंगमध्ये ‘बॅटरी प्रोटेक्शन’ आहे.

इथे सोलापूरची एक खास अडचण आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्याची एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतही तेच. ज्याची झोपायची वेळच बदलते त्याची सवय फोन शिकणार कशी? मग कधी कामावर निघताना फोन ८० वरच असतो, आणि ‘बॅटरी खराब झाली’ म्हणून माणूस आमच्याकडे येतो. पाळी बदलणाऱ्यांनी हे शिकणारं सेटिंग बंद करावं आणि त्याऐवजी ८० टक्क्यांची पक्की मर्यादा लावावी. आयफोन १५ पासून ती आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही आहे. दिवसभर पुरत नसेल तर मर्यादा काढून टाका. बॅटरी आपल्यासाठी असते, तिच्यासाठी आपण उपाशी राहायचं नसतं.

एप्रिल-मे महिन्यात ‘तापमान जास्त आहे, चार्जिंग थांबवले’ असं येतं. काय करायचं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अ‍ॅपल आपल्या फोनसाठी सांगतं की वापराच्या जागेचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४२-४३ पर्यंत जातो. पत्र्याच्या घरात दुपारी आत बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. म्हणजे फोन चार्जिंगला लावण्याआधीच मर्यादेच्या पुढे गेलेला असतो. बॅटरीजवळचा तापमापक हे ओळखतो, आधी करंट कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो. फोन त्या वेळी बरोबरच वागत असतो. त्याचं ऐका.

काय करता येईल ते सांगतो. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, घर निवल्यावर करा. फोन फरशीवर उघडा ठेवा, कव्हर काढा. उशीखाली, गादीवर, चादरीच्या घडीत अजिबात नको. आपली सोलापुरी चादर जाड आणि उबदार असते, थंडीत तोच तिचा गुण आहे, पण तिच्याखाली चार्ज होणाऱ्या फोनची उष्णता बाहेर पडायला वाव राहत नाही. पंख्याखाली ठेवला तर फारच छान. फास्ट चार्जिंग बंद करायचं सेटिंग असेल तर दुपारपुरतं बंद करा.

घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका फोन शेजारी भिंतीला टेकवून गाणी-मालिका लावतात आणि चार्जरही लावलेलाच असतो. पत्र्याखाली, भर दुपारी, व्हिडिओ आणि चार्जिंग एकत्र म्हणजे बॅटरीला तिहेरी ताप. मावशींना सांगायचं झालं तर एवढंच सांगेन: सकाळी भरून घ्या, दुपारी नुसतं बघा, वायर काढून ठेवा.

फोन तापला म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका. अचानक थंड झाल्यावर आत दव धरतं आणि बोर्डाला पाणी लागल्यासारखं होतं. सावलीत ठेवा, बंद करा, अर्ध्या तासात ताप उतरतो.

गाडीच्या हँडलला होल्डर लावून, नकाशा चालू ठेवून, वर यूएसबी चार्जिंग लावून विजापूर रोडने दुपारी फिरणारी डिलिव्हरीची मुलं असतात. त्यांच्या बॅटऱ्या सगळ्यात लवकर जातात. पत्ता एकदा बघून फोन खिशात ठेवता आला आणि नुसता आवाज ऐकता आला, तर वर्षभर तरी जास्त टिकेल असं माझं म्हणणं आहे.

चार्जिंगला लावून फोनवर बोलणं धोक्याचं आहे का? बॅटरी कमी असताना रेडिएशन हजारपट होतं म्हणतात.

ते हजारपटवालं खोटं आहे. फोन किती ताकदीने सिग्नल सोडतो हे टॉवर किती लांब आणि सिग्नल किती कमजोर यावर ठरतं, बॅटरी किती उरली यावर नाही.

धोका दुसरीकडून येतो. चार्जरच्या आत एका बाजूला घरची २३० व्होल्टची वीज असते आणि दुसऱ्या बाजूला ५-१० व्होल्ट. दोन्हींच्या मध्ये विद्युतरोधक अंतर ठेवलेलं असतं. स्वस्त, हलक्या चार्जरमध्ये ते अंतर केसाइतकं असू शकतं किंवा आतला भाग कच्चा असू शकतो. तो फुटला की घरची वीज थेट वायरीतून कानापाशी येते. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बोलत असाल तर जीव जाऊ शकतो. चांगला चार्जर असेल तर दोन मिनिटं बोलल्याने काही होत नाही. तरी लहान मुलांना चार्जिंगला लावलेला फोन देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

चार्जर लावला की टच आपोआप चालतो, कधी धातूच्या कडेला झिणझिण्या येतात. ते काय?

दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. त्यात गोंगाट कमी करायला एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो, त्यातून अगदी किंचित करंट पलीकडे झिरपतो. बारीक झिणझिणी त्याचीच असते. हलक्या चार्जरमध्ये विजेचा गोंगाटच एवढा असतो की टचस्क्रीनला बोट कुठलं आणि गोंगाट कुठला हे कळत नाही, म्हणून स्क्रीन वेड्यासारखी वागते. चार्जर काढल्यावर टच नीट झाला तर डिस्प्ले बदलायच्या आधी चार्जर बदला. झटका जाणवण्याइतका बसला तर तो चार्जर फेकून द्या, कोणाला देऊही नका.

मग चांगला चार्जर ओळखायचा कसा?

चार्जरवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आणि ‘आर’ पासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक बघा. भारतात विकल्या जाणाऱ्या अडॅप्टरला ही नोंदणी सक्तीची आहे. पण खूण छापणं सोपं असतं, म्हणून ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकून कंपनी आणि वस्तू जुळते का ते पाहा. कुठल्याही गल्लीत उभं राहून करता येतं, पैसे लागत नाहीत.

वॅट जास्त असला म्हणून फोन जळत नाही. आधी चार्जर ५ व्होल्टच देतो, मग फोन आणि चार्जर आपसात बोलून पुढचा आकडा ठरवतात. फोनला जेवढं झेपतं तेवढंच तो मागतो. ही बोलणी झाली नाहीत तर चार्जिंग नुसतं हळू होतं.

सारखी लाईट जाते-येते. त्याने फोन जातो का?

चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो, त्यामुळे कमी दाबाने काही होत नाही. न्यूट्रल (विजेची परतीची वायर) तुटला तर मात्र घरात चारशेच्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं आणि त्यात अडॅप्टर जळतो. बल्ब एकदम लख्ख झाले, पंखा सुसाट सुटला तर फोनच्या आधी मेन स्विचकडे धावा. लाईट गेल्यावर चार्जर काढून ठेवायची सवय चांगली.

वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा फोन बंद करावा का?

फोन वीज ओढून घेत नाही. भिंतीतल्या वायरीतून येणारा झटका मात्र चार्जरमार्गे येऊ शकतो, म्हणून चार्जर काढा. फोन चालूच ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. मोहोळ, माढा, अक्कलकोट भागात शेतावर असणाऱ्यांनी ते घ्यावं. बंद फोनवर हा इशारा येणार नाही, आणि सरकारकडून येणारा मोठ्या आवाजाचा आपत्ती इशाराही येणार नाही.

रेल्वे स्टेशनवर, एसटी स्टँडवर यूएसबीला लावला तर डेटा चोरतात का?

यूएसबीच्या वायरीतून वीज आणि डेटा दोन्ही जातात, म्हणून तशी शक्यता आहे. रिझर्व्ह बँकेनेही याबद्दल लोकांना सावध केलं आहे. आजचे फोन आपणहून ‘फक्त चार्जिंग’ वर राहतात आणि डेटा द्यायचा का ते विचारतात. विचारलं तर ‘नाही’ म्हणा. सगळ्यात सोपं म्हणजे आपला चार्जर घेऊन साध्या सॉकेटला लावायचा.

चार्जर बोर्डातच ठेवला तर वीज खातो का?

अगदी थोडी. आताचा अडॅप्टर रिकामा असताना ०.१ वॅटच्या आत घेतो, म्हणजे वर्षाला एक युनिटही होत नाही. ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला तोटा धरून सुमारे २५ वॅट-तास लागतात. एका युनिटमध्ये असा फोन चाळीसेक वेळा भरतो. लाईट बिल वाढलं म्हणून मुलाच्या मोबाईलवर राग काढू नका.

फोन स्विच ऑफ केल्यावर आत काहीच चालू नसतं?

घड्याळ चालू असतं. म्हणूनच चार दिवसांनी चालू केला तरी वेळ बरोबर असते. शिवाय पॉवरचं बटण दाबलं गेलं का, चार्जर लागला का, यावर नजर ठेवणारी एक छोटी आयसी जागी असते. प्रोसेसर, मेमरी, मोबाईल नेटवर्क, माइक, कॅमेरा, सगळं निवतं. कोणतंही अ‍ॅप चालत नाही.

अपवाद आहे तो शोधखुणेचा. आयफोन ११ पासूनच्या बहुतेक मॉडेलांत, २०२१ च्या आयओएस १५ नंतर, फोन बंद केल्यावरही एक ब्लूटूथ चिप अगदी कमी विजेवर जागी राहते आणि सांकेतिक खूण सोडते. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅपल फोनने ती ऐकली की जागा ‘फाइंड माय’मध्ये मालकाला दिसते. पिक्सेल ८ पासून गुगलनेही अशी सोय दिली आहे, बॅटरी संपल्यावर काही तास ती चालते. बाकी बहुतांश अँड्रॉइड फोनांत ती नाही. ही सोय कोणाला नको असेल तर आयफोन बंद करतानाच्या पडद्यावरच तिथल्या तिथे थांबवता येते.

बंद फोन आपलं बोलणं ऐकतो का?

खरोखर बंद असलेला फोन ऐकत नाही. चालू असताना मात्र ‘हे गुगल’सारखी हाक ओळखायला एक छोटी चिप सतत कान देऊन असते, आणि ती सेटिंगमधून बंद करता येते. अँड्रॉइड १२ पासून माइक-कॅमेरा वापरात असला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, आयफोनमध्ये आयओएस १४ पासून नारिंगी किंवा हिरवा.

‘खरोखर बंद’ म्हणायचं कारण आहे. २०२२ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की घुसलेलं सॉफ्टवेअर आयफोन बंद झाल्याचं नुसतं सोंग करू शकतं. अशी हत्यारं सर्वसामान्य माणसावर कोणी खर्च करत नाही. आपल्याकडे सापडतात ती लिंकवरून घेतलेली एपीके अ‍ॅप: लग्नपत्रिका, ट्रॅफिक दंडाची पावती, लाईट बिल अशा नावाने आलेली. ती फोन चालू असताना, तुम्ही दिलेल्या परवानगीनेच ओटीपी वाचतात. भ्यायचंच असेल तर त्यांना भ्या.

‘स्विच ऑफ आहे’ आणि ‘संपर्क क्षेत्राबाहेर आहे’ यात फरक काय?

नीट बंद केलेला फोन जाता जाता नेटवर्कला ‘मी निघालो’ असा निरोप देतो. फ्लाइट मोडवर टाकला तरी तसंच. नेटवर्क ती नोंद करतं आणि कॉल आल्यावर लगेच ‘स्विच ऑफ’ सांगतं. फोन तळघरात गेला किंवा सिग्नल एकदम तुटला तर हा निरोप जात नाही. नेटवर्क हाका मारतं, उत्तर येत नाही, मग ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. बराच वेळ उत्तर आलं नाही की नेटवर्क स्वतःच त्याला बंद धरतं, आणि त्याच फोनसाठी पुढे ‘स्विच ऑफ’ ऐकू येतं.

घरात यावरून भांडणं होतात, ‘मुद्दाम बंद केलास’ म्हणून. फोन बंद न करताही ती सूचना लागू शकते, हे कृपया लक्षात घ्या.

गड्ड्याच्या गर्दीत फोन गेला आणि चोराने बंद केला. आता?

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजेच गड्ड्याच्या, दिवसांत होम मैदानावरून थेट आमच्याकडे येणारे लोक असतात. क्रम असा ठेवा. आधी सिमच्या कंपनीला सांगून सिम बंद करा, कारण बँक आणि यूपीआय त्या नंबरला बांधलेले आहेत. बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. मग पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्या आणि त्याच नंबरचं नवं सिम काढा. त्यावर ओटीपी आला की सरकारच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवरच्या सीईआयआर (हरवलेले फोन रोखण्याच्या) विभागात फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, बंद करायची विनंती टाका. मे २०२३ पासून ही सेवा देशभर आहे. आयएमईआय खोक्यावर आणि बिलावर असतो. आज फोन हातात आहे तोवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश डायल करून तो वहीत लिहून ठेवा.

वर सांगितलेली शोधखूण सोडणारे फोन वगळले, तर फोन बंद आहे तोवर कोणालाच सापडत नाही. पण कोणी त्यात नवं सिम टाकलं की नेटवर्कवर तो आयएमईआय दिसतो आणि पोलिसांना माहिती जाते.

यात एक दिलासा आहे. बंद होऊन पुन्हा चालू झालेला फोन पिन टाकेपर्यंत बोटाचा ठसासुद्धा मानत नाही आणि आतली माहिती कुलूपबंद असते. मात्र पिन १२३४ किंवा जन्मसाल असेल तर त्या कुलपाला अर्थ नाही.

रात्री फोन आपोआप रीस्टार्ट झाला. सकाळी अलार्म वाजला पण व्हॉट्सअ‍ॅप मेसेज एकही नव्हता, आणि फोन आला तर नाव दिसलं नाही.

रात्रीच्या अपडेटनंतर असं होतं. अँड्रॉइड ७ पासून रीस्टार्टनंतर, पिन टाकायच्या आधी, फोन फक्त अलार्म आणि कॉल अशी मोजकी कामं करू शकतो. संपर्कांची नावं, मेसेज, फोटो कुलपात असतात. पिन टाकला की सगळं धबाधबा येतं. रुग्णालयातला निरोप वगैरे महत्त्वाचं असेल त्या रात्री अपडेट पुढे ढकला.

बंद फोनमध्ये अलार्म वाजतो का?

जुन्या बटणाच्या नोकियात वाजायचा. आज काही अँड्रॉइड फोनांतच ही सोय आहे. पहाटेची गाडी पकडायची असेल तर त्यावर विसंबू नका. फ्लाइट मोड लावा, अलार्म वाजेल आणि फोनही शांत राहील.

बंद करून चार्ज केला तर लवकर होतो का?

थोडा लवकर, कारण खाणारं कोणी नसतं. उन्हाळ्यात हा उपाय चांगला, उष्णताही कमी होते. बंद अँड्रॉइडला चार्जर लावल्यावर दिसणारं बॅटरीचं चित्र म्हणजे फोनचा अगदी छोटा भाग चार्जिंगपुरता जागा झालेला असतो. आयफोन मात्र चार्जर लावला की स्वतःच पूर्ण चालू होतो.

१५-२० टक्के दाखवत असताना अचानक बंद पडतो.

बॅटरी थकली आहे. टक्केवारी हा हिशेबाने काढलेला अंदाज असतो. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढतो, कॅमेरा उघडल्यावर एकदम ओढ लागली की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. अ‍ॅपल आपल्या हिशेबात सांगतं की आदर्श परिस्थितीत आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जिंग-चक्रांनंतर आणि १५ पासूनच्या १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतात. सोलापूरचा मे महिना त्या आदर्श परिस्थितीत बसत नाही.

जुना फोन कपाटात ठेवायचा आहे. भरून ठेवू की रिकामा?

निम्मा भरून, बंद करून, थंड जागी. सहा महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यावर आणा. बंद फोनचीही बॅटरी हळूहळू उतरते, आणि पूर्ण रिकामी होऊन महिनोन्‌महिने राहिली तर ती पुन्हा चार्ज घेईलच असं नाही.

मागचं झाकण उचललंय, बॅटरी फुगली वाटतं. चालतोय तोवर वापरू का?

वापरू नका. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार झाला आहे, आणि तो परत जात नाही. चार्जिंग लगेच थांबवा, फोन बंद करा. दाबून झाकण बसवू नका, टाचणीने टोचून हवा काढायचा तर विचारही नको, कारण आत साधी हवा नसते, तो वायू असतो, आणि टोचल्यावर आग लागू शकते. फरशीवर, कागद-कापडापासून लांब ठेवा आणि शक्य तितक्या लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा ती पेट घेऊ शकते. दुकानातच परत द्या, आणि ई-कचऱ्यात जाते ना, हे विचारून घ्या.